पालथी

तिच्या नकाशावर लिहिलं होतं: छत.
मी म्हटलं, बाई, ही तर नाव आहे. पालथी.
चाळीस वर्षं हेच करतोय मी, फक्त दुसऱ्या बाजूनं.

मागाली सान्तियागोहून आलेली,
नवे बूट पहिल्याच दिवशी चिखलात घोट्यापर्यंत गेले
आणि ती हसली.
आमच्या खाडीवर पाऊस कुणी मोजत नाही,
कोरडे दिवस मोजतात,
ते पोरांच्या वाढदिवसांसारखे लक्षात राहतात.

जुनं चॅपेल ओलीनं गिळलं होतं.
संत पेत्राच्या लाकडी पावलात नेचे फुटले,
फादर आन्सेल्मो उपटायला निघाले
तेव्हा ओर्तेन्सिया आडवी आली:
राहू द्या, पहिल्यांदाच त्याच्याकडनं काही उगवलंय.

नव्या भिंतींना सायप्रसच्या फळ्या,
एकीवर एक, खवल्यांसारख्या.
मागाली सांगू लागली, मासा म्हणजे
पहिल्या ख्रिस्ती लोकांची गुप्त खूण.
इथं कसली गुप्त, मी म्हटलं,
सगळ्या गावाच्या हातांना वास आहे तिचा.

पन्हळीचं पाणी साखळीवरून उतरवलं तिनं
दारातल्या दगडी कुंडात.
फादर वाकून आशीर्वाद देतात त्याला,
पण पाऊस थांबतो थोडाच,
नवं पाणी येऊन आशीर्वाद पातळ करत राहतं.
माझ्या मते चांगलंच आहे ते.

क्रूस मात्र नकाशात नव्हता.
वेदीमागे भिंतच नाही, काच,
काचेपलीकडे एक कोईग्वेचं झाड, दाढीसारखं शेवाळ लोंबणारं,
आणि त्याच्यापलीकडे खाडी.
झाड पुरे, मागाली म्हणाली.
ओर्तेन्सियानं वाद घातला नाही.
स्वयंपाकघरातला धुरकट क्रूस आणला
आणि माझ्याकडं खिळा मागितला.

मी वाद घातला. काचेवरून.
पाण्याकडं तोंड नको, म्हटलं,
वारा येतो, मीठ येतं, लाकूड फुगतं.
सुतार बोलतो तसं बोललो.
कुणीतरी तिला सांगितलं असणार.

एलिएसेरची नाव मीच बांधली होती.
तीन दिवसांनी मिळाली, पालथी,
एक फळीसुद्धा उसवली नव्हती.
लोक म्हणाले, काम पाहा बाल्दोचं.

दुसऱ्या दिवशी मागालीनं नवा कागद आणला.
काचेचा उंबरठा वर चढवलेला,
हातभर, वर बोटभर.
काही बोलली नाही, नुसतं बाकावर बसून दाखवलं,
मग उभी राहिली.
बसलं की झाड.
उभं राहिलं की पाणी.

तुळया मीच चढवल्या. अठरा बरगड्या,
मधोमध कणा, वाफेवर वाकवलेला.
आमच्या भाषेत देवळाच्या गाभ्याला
आणि जहाजाला एकच शब्द आहे,
फादरनी उद्घाटनाला त्यावर बरंच सांगितलं,
तारण, प्रलय, नोहा.
मी वर बघत होतो.
नाव पालथी झाली की तिच्या पोटात हवा अडकते,
थोडी, पण अडकते.
माणूस डोकं वर धरू शकला तर
काही वेळ श्वास घेऊ शकतो.
किती वेळ, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

त्या दिवशी खाली साठजण होतो,
ओले लोकरी कोट, मेणबत्त्या, खोकला,
एक तान्हं रडत होतं पूर्ण छातीनं.
छताखाली आमच्या श्वासांचं धुकं जमलं,
आणि थेंब होऊन परत पडू लागलं.
गळतंय, ओर्तेन्सिया माझ्या कानाशी म्हणाली.
गळत नाही, मी म्हटलं, आपणच आहोत ते.

गेला हिवाळा मी बसूनच मिस्सा ऐकली.
गुडघे, म्हणून सांगायचो.
झाडावर चुकाओ पक्षी बोलायचा.
उजवीकडून बोलला तर शुभ, डावीकडून तर नाही,
मी समोर बसायचो, म्हणजे ठरतच नसायचं.

ईस्टरला सगळे उठले, बाक करकरले,
ओर्तेन्सिया म्हणाली, सरक जरा, मला उभं राहू दे,
आणि मीही उठलो.
ओहोटी होती.
पाण्यावर पाऊस पडत होता,
किनाऱ्यावर कुणाचीतरी नाव, सुलटी,
पावसानं भरत चाललेली.
मिस्सा संपली की जाऊन उपसायला हवी.